पान उलटून बघा

(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीतलं बोलणं)



मागच्या बैठकीत एका मावशींनी विचारलं, "खत तेच, पाणी तेच, मग यंदा अंजिराची पानं एवढी का झडली?" आपल्या पुरंदरात कितीतरी जणींनी बहाराच्या भरवशावर गटाचं कर्ज उचललंय. म्हणून आज आधी हेच बोलू, हप्त्यांचा हिशोब नंतर. मी समाजकार्य शिकलेली, शेती नाही. अंजीर शिकले ते तुमच्याच बांधावर.

हा तांबेरा. पान उलटलं की खाली तपकिरी बारीक फोड दिसतात. बोट फिरवलं तर गंजासारखी पूड लागते. ती पूड म्हणजे बुरशीचं बी, वाऱ्यावर झाडोझाड जाणारं. पण कोरड्या पानावर ते रुजत नाही. पान काही तास ओलं राहावं लागतं, आणि हवा ना कडक तापलेली, ना फार गारठ्याची. मोठी सर येऊन लगेच ऊन पडलं तर धोका कमी. चार दिवसांची रिपरिप, नाहीतर पावसाळा सरताना रात्रभर दव आणि सकाळी उशिरापर्यंत धुकं, हे त्याला फार मानवतं. खट्टा बहार अशाच हवेत वाढतो, म्हणून त्याला जास्त जपायचं. पान गेलं की फळात गोडी भरायची कुठून? फळ बारीक राहतं, पाटीचा भाव पडतो.

हवा आपल्या हातात नाही, पण पान लवकर वाळेल एवढं करता येतं. छाटणीत दाटी मोडा, आत ऊन-वारा जाऊ द्या. पाणी बुंध्याला द्या. झडलेली पानं बागेत कुजत ठेवू नका, वेचून बाहेर नष्ट करा.

एक टक्का बोर्डो म्हणजे 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना. दोन्ही वेगवेगळे भिजवा, प्लास्टिकच्या पिंपात, लोखंडी भांड्यात नाही. मिश्रणात विळ्याचं पातं बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. त्याच दिवशी फवारा, पानाच्या खालूनसुद्धा. पान फोडांनी भरल्यावर फवारून ते वाचत नाही, फवारणी आधीच हवी. फळ तोडणीला आलं असेल तर मात्र थांबा, निळे डाग पडतात. कृषी सहायकांना विचारा.

फवारणीचं घरात पुरुष ठरवतात. पण चिकानं बोटं सोलेपर्यंत तोडणी आपणच करतो, म्हणजे पहिला फोड आपल्यालाच दिसणार. दिसला की त्याच दिवशी घरी सांगा. आणि पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या बागेतलं एक पान आणा, पिशवीचं तोंड घट्ट बांधून.