आय, अठरा, एन

बंगळूरहून होसूरच्या वाटेने निघाले, की शहराच्या दक्षिणेस कोणप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर ही दोन गावे लागत असत. केऑनिक्स या कर्नाटक सरकारच्या महामंडळाने, आर. के. बाळिगा यांच्या पुढाकाराने, १९७८ च्या सुमारास तेथील ३३२ एकर जमिनीवर इलेक्ट्रॉनिक सिटीची उभारणी आरंभिली. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेली आणि १९८३ साली बंगळुरास गेलेली इन्फोसिस कंपनी पुढे येथेच स्थिरावली. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोच्या एका स्थानकाच्या नावात कोणप्पन अग्रहार हे जुने नाव अजून टिकून आहे, एवढेच त्या गावांचे भाग्य.

या वसाहतीत जी इंग्रजी चालते तिच्यातील काही शब्द जुन्या कोशांत सापडावयाचे नाहीत. आय-अठरा-एन, एल-दहा-एन, ए-अकरा-वाय. नवख्याला हे मोटारींचे क्रमांक वाटावेत. वस्तुतः हे लांबलचक शब्दांचे संक्षेप आहेत, आणि त्यांचा नियम अगदी साधा आहे. शब्दाचे पहिले अक्षर लिहावे, शेवटचे लिहावे, आणि मधली जितकी गाळली त्यांचा आकडा मध्ये घालावा. 'इंटरनॅशनलायझेशन' या शब्दाची इंग्रजीत वीस अक्षरे होतात. आय आणि एन ही दोन टोके राखली, की मध्ये अठरा उरतात. हा शब्द 'झेड'ने लिहावा की 'एस'ने, हा अमेरिकन आणि ब्रिटिश लोकांतला जुना तंटाही त्या अठरांत गडप होतो, हा आणखी एक लाभ! डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीत ही चाल पडली. तेथील एका नोकराचे आडनाव यंत्रात मावेना, तेव्हा त्याची दोन टोके ठेवून मध्ये बाराचा आकडा घातला गेला आणि त्यावरून पुढचे सारे सुचले, अशी आख्यायिका आहे.

आकड्याने अक्षरांचे काम करून घेणे आपल्याकडे अगदीच अपूर्व नाही. साधुपुरुषांच्या नावामागे 'श्री १०८' असे लिहितात, तेव्हा एकशेआठ वेळा 'श्री' लिहिण्याचे श्रम वाचतात आणि आदरही उणा होत नाही. उलट आपले ज्योतिषी आकड्यांचेच शब्द करीत. दोन म्हणावयाचे तर 'नयन', चार म्हणावयाचे तर 'वेद'. त्यांना संख्या छंदात बसवावयाची होती. या अभियंत्यांना शब्द पडद्यावरील चिंचोळ्या रकान्यात बसवावयाचा आहे.

आता या वीस अक्षरी शब्दाचा अर्थ. 'आंतरराष्ट्रीयीकरण' हा त्याचा मराठी प्रतिशब्द. त्यातील 'ईकरण' हे शेपूट संस्कृतातील च्वि प्रत्ययाच्या कुळातले आहे. जे मुळात तसे नव्हते त्याला तसे करणे, हा त्याचा भाव. इंग्रजीतील 'आयझेशन'चे कामही पुष्कळसे तेच. संगणकाची आज्ञावली मुळात इंग्रजी जाणणाऱ्याने इंग्रजी जाणणाऱ्यासाठी रचलेली असते. ती कोणत्याही भाषेला राबविता यावी अशी तिची घडण करणे, म्हणजे आय-अठरा-एन. मग एकेका भाषेचा साज तिच्यावर चढविणे, ते एल-दहा-एन, अर्थात 'लोकलायझेशन', स्थानिकीकरण.

हे काम दिसते तितके सोपे नाही, आणि मराठीच्या बाबतीत तर नाहीच. इंग्रजीत 'अमक्याने अमुक पाठविले' या अर्थाचे एक वाक्य करून ठेवले, की वस्तूचे नाव बदलले तरी क्रियापद हलत नाही. मराठीत फोटो पाठवला, चिठ्ठी पाठवली, पत्र पाठवले. ज्याने एकच साचा ओतून ठेवला त्याची मराठी पहिल्याच चिठ्ठीला लंगडते. इंग्रज तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम देतो. आपण हजारापुढे दोन-दोन अंकांनी लाख आणि कोटी मोडतो. आणि 'आचार्यांना' व 'आचाऱ्यांना' यांतील भेद तर एका कोयरीएवढ्या रेघेचा. ती रेघ यंत्राने गाळली, की गुरुजनांना द्यावयाची दक्षिणा स्वयंपाक्यांच्या हाती पडते. जगातील लिप्यांना एका कोष्टकात क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धती १९९१ साली प्रसिद्ध झाली, आणि तिच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी आणि कन्नड या दोहोंना स्थान होते. क्रमांक मिळाला तरी वाक्यरचनेची अडचण मात्र ज्याची त्याने सोडवावयाची असते.

संक्षेपाची खरी मौज पुढेच आहे. आयने आरंभ, एनने शेवट आणि मध्ये अठरा अक्षरे, असा इंग्रजीत आणखी एक प्रचलित शब्द आहे : 'इन्स्टिट्यूशनलायझेशन'. त्याचा एक अर्थ एखाद्या गोष्टीला संस्थेचे स्थैर्य देणे. दुसरा अर्थ मात्र उदास आहे. माणसाला रुग्णालयात वा आश्रमात दीर्घकाळ ठेवणे, इतका की बाहेरच्या जगात वावरण्याची त्याची सवयच मोडावी. याच होसूर रस्त्यावर, शहराच्या बाजूस, निम्हान्स ही मनोविकार व मज्जाविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे. जुने मनोरुग्णालय आणि अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या विलीनीकरणातून ती १९७४ मध्ये उदयास आली. अभियंत्याचा आय-अठरा-एन घराबाहेर पडून जगाशी बोलण्याचा, आणि मनोविकारतज्ज्ञाच्या शब्दाला ती खूण लावली तर तीच चार भिंतींत अडकण्याची! या दुसऱ्या अर्थाचा विचार आपल्या कायद्यानेही केला आहे. घरच्यांनी स्वीकारले नाही किंवा राहावयास घर नाही, केवळ एवढ्याच कारणाने कोणास मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, असे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमात म्हटले आहे. समाजात राहण्याचा हक्क त्या माणसालाही आहे.

एल-दहा-एनचेही असेच. 'लोकलायझेशन' बारा अक्षरी, तसा 'लीगलायझेशन'ही बारा अक्षरी. ए-अकरा-वाय हे तर मोठे दाटीचे घर आहे. 'ॲक्सेसिबिलिटी' म्हणजे सुगम्यता, यासाठी ते बांधले गेले. परंतु साधारणपणे, आपोआप आणि पर्यायाने या अर्थांची इंग्रजी क्रियाविशेषणेही तंतोतंत तेरा अक्षरांची असून एने सुरू होतात व वायने संपतात. सुगम्यता साधारणपणे असावी की आपोआप असावी, की पर्याय म्हणून मागाहून जोडावी, या प्रश्नावर वाद घालणाऱ्यांनी हे चारही शब्द एकाच खुणेत बसतात हे ध्यानात घ्यावे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम सुगम्यतेकडे कर्तव्य म्हणून पाहतो. अंध मनुष्य संगणकाचा मजकूर यंत्राच्या आवाजात ऐकतो. त्याच्या कानी 'ए-अकरा-वाय' असा उच्चार पडला, तर ही खूण आपल्याच सोयीसाठी योजलेली आहे हे त्याने कसे ओळखावे? सुगम्यतेचे नावच दुर्गम करून ठेवण्याचा हा प्रकार आहे.

के-आठ-एस या खुणेमागील 'क्युबरनेटीज' हा शब्द त्यामानाने सुखी आहे. २०१४ साली गूगलने जाहीर केलेल्या एका आज्ञावलीचे ते नाव. मूळ ग्रीक, अर्थ सुकाणू धरणारा. त्याच मुळापासून लॅटिनमार्गे इंग्रजीत 'गव्हर्नर' आणि 'गव्हर्नमेंट' हे शब्द आले. शासन म्हणजे मुळात तांडेलाचे काम, ही गोष्ट कचेऱ्यांतून क्वचितच आठवली जाते.

आपल्या 'आंतरराष्ट्रीयीकरण' या शब्दाचा असा संक्षेप करावयाचा झाला तर काय होईल? शाळेतला मुलगा बोटे मोडून त्यात नऊ अक्षरे मोजील आणि दोन टोके सोडून सात लिहील. संगणक काना, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातले हलन्त यांना स्वतंत्र क्रमांक देतो, म्हणून त्याच्या हिशेबी ती सतरा भरतात, आणि मध्ये पंधरा उरतात.