हरवलेल्या कुकीचा शोध



वीजबिल, बँकेचा हिशेब, आगगाडीचें तिकीट या गोष्टी आज घरोघरीं संगणकाच्या पडद्यावर पाहिल्या जातात. परंतु नांव व परवलीचा शब्द बरोबर देऊनहि पुढील पानावर पुन्हां तीच विचारणा झाली, म्हणजे वापरणारा चिडतो आणि संकेतस्थळ रचणारा तरुण अंदाजानें एकेक ओळ बदलूं लागतो. हा दोष क्रमानें कसा शोधावा, तें आज सांगावयाचें आहे.

ब्राउझर व सर्व्हर ज्या एचटीटीपी नांवाच्या रीतीनें बोलतात, तिला स्मरणशक्ति नाहीं. प्रत्येक मागणी तिला नवी व अनोळखी. यावर तोड म्हणून १९९४ सालीं नेटस्केप कंपनींतील लू माँटुली यांनीं कुकी योजिली. ग्रंथालयाच्या दाराशीं छत्री ठेवली कीं बिल्ला मिळतो, तसाच हा बिल्ला. सर्व्हर उत्तराच्या मथळ्यांत 'सेट-कुकी' ही ओळ लिहितो. ब्राउझर ती जपून ठेवतो आणि पुढील मागणीच्या मथळ्यांत 'कुकी' या ओळीनें परत दाखवितो.

तेव्हां प्रश्न तीनच. बिल्ला दिला गेला काय? ब्राउझरनें तो स्वीकारला काय? आणि परत दाखविला काय? ब्राउझरच्या विकासक-साधनांत 'नेटवर्क' हा भाग उघडून दोन्ही मथळे वाचावे. तर्क करण्याचें कारणच उरत नाहीं.

'सेट-कुकी' ओळच नसेल, तर दोष सर्व्हरकडे. पीएचपी भाषेंत पानाचा मजकूर बाहेर पडूं लागल्यावर मथळा लिहितां येत नाहीं. फाइलीच्या आरंभीं राहिलेली एक रिकामी ओळहि कित्येकदां पुरते. ओळ आहे, पण कुकी सांठविली गेली नाहीं, तर तिच्या अटी तपासाव्या. 'डोमेन' परक्या स्थळाचें असेल, किंवा 'सिक्युअर' अट घालून ती साध्या, असुरक्षित जोडणीवरून पाठविली असेल, तर ब्राउझर ती नाकारतो.

सांठविलेली कुकी परत येत नसेल, तर 'पाथ' व 'सेमसाइट' पाहावे. 'सेमसाइट'चा उल्लेख नसलेली कुकी क्रोम ब्राउझर २०२० सालापासून 'लॅक्स' मानूं लागला. ग्राहक पैसे भरून दुसऱ्या स्थळाहून 'पोस्ट' रीतीनें परतला, तर अशी कुकी सहसा बरोबर येत नाहीं. पैसे जातात आणि दुकान मात्र त्याला ओळखत नाहीं! तेथें 'नन' लिहावें लागतें, व त्यासोबत 'सिक्युअर' अवश्य हवें.

याच्या उलट दोष अधिक घातक, तो म्हणजे कुकी न पुसली जाण्याचा. पुसतांना नांव, डोमेन व पाथ पूर्वीचेच देऊन मुदत मागील तारखेची घालावी लागते. पाथ निराळा पडला तर जुना बिल्ला तसाच राहतो. वाचनालयांतील सामाईक संगणकावर मग आधीच्या माणसाचें खातें पुढच्याच्या हातीं लागतें. म्हणून बाहेर पडतांना सर्व्हरनें आपल्या वहींतील नोंदहि खोडली पाहिजे; नाहींतर बिल्ल्याची कोणीं केलेली नक्कल चालूच राहील.

ओळख पटविणें ही सोय आहे. वेळेवर ओळख विसरणें हें कर्तव्य आहे. स्थळ रचणारानें दोहोंचीहि परीक्षा घ्यावी, एवढेंच सांगून आपली रजा घेतों.