किंमत ठरवणाऱ्याला पैसे कोण देतो?

आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमचं मनापासून अभिनंदन. फीसाठी कर्ज काढलेल्या आईवडिलांचं जरा जास्तच. औपचारिक बोलणं इथेच संपवतो, कारण बऱ्याच वर्षांचं साठलेलं बोलायचं आहे.

माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात झाली. नव्वदच्या दशकात एका बांधकाम प्रकल्पाची फाईल माझ्या टेबलावर आली. जमिनीच्या मूल्यांकनाचा अहवाल अर्जदाराच्याच कागदांत, त्याच स्पायरल बाइंडिंगमध्ये होता. मूल्यांकन करणाऱ्याची फी अर्जदारानेच भरली होती आणि पावतीही जोडली होती. चार पानं मागे त्याच जमिनीचं दोन वर्षांपूर्वीचं खरेदीखत. अहवालातली किंमत त्याच्या सहापट! मी तसा शेरा लिहिला. ‘वरून विचारणा आहे, शेरा काढा’ असं सांगण्यात आलं. मी काढला नाही. फाईल दुसऱ्या टेबलावर गेली आणि मंजूर झाली. पुढे खातं बुडालं तेव्हा चौकशी लागली शाखेतल्या एका नवख्या अधिकाऱ्यामागे. त्याच्या वेतनवाढी थांबल्या. मंजुरी देणारे साहेब हारतुरे घेऊन निवृत्त झाले. त्या गोष्टीचा राग अजून गेलेला नाही आणि जावा असं वाटतही नाही.

कारण तोच प्रकार पुढे फार मोठ्या आकड्यांत पाहिला. 2018 च्या सप्टेंबरात आयएलअँडएफएस या पायाभूत प्रकल्पांना वित्तपुरवठा करणाऱ्या कंपनीने हप्ते चुकवले. त्याच्या काही आठवडे आधीपर्यंत तिच्या कर्जरोख्यांना सर्वोच्च पतमानांकन होतं. मानांकन देणाऱ्या संस्थांना फी देत होती तीच कंपनी. ते कागद विश्वासाने घेणाऱ्यांत भविष्य निर्वाह निधीही होते, म्हणजे कुणाचे तरी पगारातून कापलेले पैसे.

आज इथे येताना पिरंगुटला लवासा या डोंगरातल्या खासगी शहराकडे जाणारा रस्ता दिसला. कागदावरचे आकडे आणि हाती येणारे पैसे यांतलं अंतर तिथेही दिसतं. 2010 च्या सप्टेंबरात लवासाने दोन हजार कोटींच्या समभाग विक्रीसाठी शेअर बाजाराच्या नियामकाकडे, सेबीकडे, मसुदा दाखल केला. नोव्हेंबरात पर्यावरण मंत्रालयाची काम थांबवण्याची नोटीस आली. 2018 मध्ये प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेलं. देणेकऱ्यांचे मान्य झालेले दावे साडेसहा हजार कोटींच्या वर, आणि 2023 मध्ये मंजूर झालेली योजना 1,814 कोटींची, तीही आठ वर्षांत फेडायची. पुढच्याच वर्षी ती मंजुरीही रद्द झाली. घरासाठी पैसे भरलेली माणसं रांगेतच राहिली.

हा मुळशी तालुका तसा ‘किंमत कोण ठरवतो’ या विषयातला जुना जाणकार. इथून पौडच्या पुढे गेलात की मुळशीचं धरण. 1921 मध्ये सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे मावळ्यांना घेऊन तिथे सत्याग्रहाला उभे राहिले. टाटांच्या कंपनीला वीज करायची होती, आणि जमीन सरकार भूसंपादन कायद्याने घेऊन देत होतं. भाताची खाचरं कसणाऱ्याला त्यांची किंमत ठरवण्यात काय अधिकार होता? शंभर वर्षांत कागद बदलले, प्रश्न तोच राहिला.

भांडवल वाईट असतं असं मी म्हणणार नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरेला ऊस पिकवणाऱ्यांच्याच शेअर्सवर साखर कारखाना उभा केला. सुधारणाही होतात, पण माणसं बुडाल्यावर. 1960 मध्ये केरळची पलई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, तेव्हा कुठे 1961 मध्ये ठेव विम्याचा कायदा आला. विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली 2020 मध्ये, निर्बंधांत अडकलेल्या पीएमसी सहकारी बँकेच्या ठेवीदारांनी रस्त्यावर आक्रोश केल्यावर. पुण्याच्या रुपी बँकेतून पैसे काढण्यावर 2013 मध्ये निर्बंध आले आणि तिचा परवाना 2022 मध्ये रद्द झाला. मधली नऊ वर्षं म्हाताऱ्या ठेवीदारांनी कशी काढली असतील?

म्हणून माझा एकच आग्रह आहे. तपासणाऱ्याची फी तपासून घेणाऱ्याच्या खिशातून येता कामा नये. मूल्यांकन असो, लेखापरीक्षण असो, पतमानांकन असो, कंपन्यांकडून सक्तीने वर्गणी घ्या, एक सामायिक निधी करा आणि तपासनीस नियामकाने नेमावा. खर्च वाढेल, कामाला उशीर होईल, कंपन्या ओरडतील. ओरडू द्या!

तुमच्यातले काही जण उद्या शेअर दलालांच्या कंपन्यांत जाल. सेबीने 2024 मध्ये सांगितलं की तीन वर्षांत वायदे बाजारातल्या दर शंभर वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 जणांनी पैसे गमावले. तुम्हाला टार्गेट मिळेल ते असेच नवे गिऱ्हाईक आणण्याचं. तेव्हा हा आकडा त्या गिऱ्हाइकाला आधी सांगा, मग फॉर्म पुढे करा. आणि कर्जाच्या फाईलवर सही करायची वेळ आली, तर अहवालाच्या फीची पावती कुणाच्या नावावर आहे ते पाहा. अर्जदाराच्या नावावर असेल तर तसा शेरा लिहा, आणि कुणीही सांगितलं तरी तो काढू नका.