वाऱ्याचे भागधारक



वारा कोणाच्याही मालकीचा नसतो. परंतु वाऱ्यापासून वीज निर्माण करणारे यंत्र मात्र कोणाच्या तरी मालकीचे असावेच लागते. ही मालकी कोणाकडे असावी, या प्रश्नाचे एक उत्तर डेन्मार्कच्या राजधानीसमोर, मिडेलग्रुंडेन नावाच्या उथळ समुद्रात उभे राहिले. त्या उत्तराचा विचार येथे करावयाचा आहे.

डेन्मार्कला हा विषय नवा नव्हता. आस्कोव येथील लोकविद्यापीठात पॉल ला कूर या शिक्षकाने 1891 मध्येच पवनचक्कीच्या साह्याने वीज निर्माण केली होती. पुढे 1973 च्या तेलसंकटाने, आयात इंधनावर जगणाऱ्या या देशाला खडबडून जागे केले. गावोगावच्या कारागिरांनी लहान पवनचक्क्या बांधल्या आणि शेजारीपाजारी राहणाऱ्या कुटुंबांनी पैसे एकत्र करून त्या विकत घेतल्या. मिडेलग्रुंडेनची सहकारी संस्था याच परंपरेत 1997 मध्ये जन्माला आली.

निवडलेली जागा पवित्र मुळीच नव्हती. बंदरातील गाळ व कचरा तेथे दीर्घकाळ टाकला जात असे. तरीही लोकांनी आक्षेप घेतले. मूळ आराखड्यात 27 पवनचक्क्या तीन रांगांत उभ्या करावयाच्या होत्या. किनाऱ्यावरून दिसणारे दृश्य बिघडेल, आवाजाचा त्रास होईल, अशी भीती व्यक्त झाली. संस्थेने हे आक्षेप अज्ञानमूलक म्हणून झिडकारले नाहीत. तिने शंकेखोर नागरिकांना जमिनीवरील एका पवनचक्कीपाशी नेले व तिचा आवाज त्यांच्याच कानांनी ऐकविला. आराखडाही बदलला: 27 ऐवजी 20 यंत्रे, आणि तीही एकाच वक्ररेषेत, जुन्या कोपनहेगनच्या तटबंदीच्या वळणाशी जुळणारी. सात यंत्रे कमी झाली, पण त्या बदल्यात नगराची संमती मिळाली.

प्रत्येक यंत्राची क्षमता 2 मेगॅवॅट. वीस यंत्रांपैकी दहा नगराच्या वीज कंपनीची व दहा सहकारी संस्थेची. संस्थेने आपले भांडवल 40,500 भागांत विभागले. एक भाग म्हणजे वर्षाकाठी अंदाजे 1,000 युनिट वीज, आणि त्याची किंमत 4,250 क्रोनर. साडेआठ हजारांहून अधिक लोकांनी हे भाग घेतले. पायासाठी लागणारी काँक्रीटची बैठी ठोकळी एका जुन्या जहाजबांधणी कारखान्याच्या कोरड्या गोदीत ओतली गेली. 2000 च्या अखेरीस यंत्रे फिरू लागली.

या व्यवस्थेतील खरा विवेक तिच्या पोटनियमांत दिसतो. अशा भागीदारीत संस्थेच्या कर्जाची जबाबदारी प्रत्येक सभासदावर, त्याच्या सर्व मालमत्तेनिशी येते. म्हणून नियमच असा केला गेला, की संस्थेने कर्ज काढावयाचे नाही. ज्याला आवश्यक असेल त्याने आपल्या भागापुरते कर्ज स्वतः बँकेकडून घ्यावे. शाळाशिक्षक असो वा निवृत्त कामगार, दुसऱ्याच्या धाडसापायी कोणाचे घर जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता.

पुढे काळ पालटला. इंग्लंडच्या यॉर्कशर किनाऱ्यापासून सुमारे 120 किलोमीटर दूर, हॉर्न्सी वन या प्रकल्पात 174 यंत्रे उभी राहिली. त्यांची क्षमता 1,200 मेगॅवॅटहून अधिक. ते काम ओर्स्टेड या डॅनिश कंपनीने केले. मूळची तेल व नैसर्गिक वायूचा व्यवसाय करणारी ही कंपनी 2017 मध्ये तो व्यवसाय विकून नव्या नावाने वाऱ्याकडे वळली. एवढे प्रचंड भांडवल शेजाऱ्यांच्या बचतीतून उभे राहणे शक्य नाही, हे मान्यच करावे लागेल. परंतु भांडवल मोठे झाले म्हणून धोका नाहीसा होत नाही. 2023 मध्ये याच कंपनीला अमेरिकेतील न्यू जर्सीच्या किनाऱ्यासमोरील दोन प्रकल्प सोडून द्यावे लागले व अब्जावधी क्रोनरचा तोटा सोसावा लागला.

डेन्मार्कने 2009 पासून, नव्या पवनचक्क्यांचे किमान 20 टक्के भाग स्थानिक रहिवाशांना देऊ करण्याची सक्ती कायद्याने केली होती; 2020 मध्ये ती तरतूदही संपली. मिडेलग्रुंडेनच्या सभासदाला किनाऱ्यावर उभे राहून फिरती पाती पाहताना ती आपली वाटत. ज्याचा वाटा नाही त्याला तीच पाती केवळ दृश्यातील अडथळा वाटू शकतात. यंत्र तेच, वाराही तोच. बदलते ते पाहणाऱ्याचे नाते. हे नाते जपल्यावाचून वाऱ्याची वीज फार काळ लोकांची राहणार नाही.