बचत कुणाच्या ताटातली?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

महागाईवर बोलायला बसले की पहिली दहा मिनिटे सरकारला आणि व्यापाऱ्याला दोष देण्यात जातात. जिथे दोष द्यायचा तिथे तो जरूर द्यावा. पण महिन्याच्या सुरुवातीला किराण्याची यादी करायची वेळ येते तेव्हा घरात आपणच असतो. आज मी त्या यादीबद्दल बोलणार आहे.

ऑक्टोबर 2024 ची आठवण करून देते. त्या महिन्यात देशात खाद्यपदार्थांची किरकोळ महागाई वर्षभरात 10.87 टक्क्यांनी वाढलेली होती आणि भाज्यांची तर 42 टक्क्यांनी. म्हणजे आदल्या वर्षी जी भाजी 100 रुपयांत पिशवीत पडत होती, तिला 142 रुपये मोजावे लागत होते. पुढे भाज्या उतरल्या. पण त्या दिवसांत बंद झालेले अर्धा लिटर दूध सगळ्याच घरांत परत सुरू झाले नाही.

मी तीस वर्षे मुलींना गृहशास्त्र शिकवले आणि आता बचत गटाच्या कामानिमित्त नगर तालुक्यातल्या वस्त्यांवर जाते. सरकारी कागदावर 2024 साली आपला जिल्हा अहिल्यानगर झाला, पण बाजाराला निघालेली बाई अजून "नगरला जाऊन येते" असेच म्हणते. या बायकांना मी नेहमी एक प्रश्न विचारते: पैसे कमी पडले की आधी काय बंद होते? उत्तरांचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. आधी फळे जातात. मग दूध चहापुरते उरते. मग आमटी पातळ होते. आणि शेवटी सगळ्यांचे जेवण झाल्यावर पातेल्याच्या तळाशी जे राहील, त्यावर बाई स्वतःचे भागवते. याला ती बचत म्हणते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण 2019 ते 2021 या काळात झाले. त्यात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54.2 टक्के जणींना रक्तक्षय आढळला. आधीच्या सर्वेक्षणात हा आकडा 48 होता. याला कारणे पुष्कळ आहेत, पण त्यातले एक पातेल्याच्या तळाशी आहे. म्हणून पहिली गोष्ट अशी की डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे, पालेभाजी यांतून बचत करायची नाही. तिथे वाचवलेला रुपया पुढे दवाखान्यात दामदुपटीने जातो. मग बचत करायची कुठून?

2023-24 च्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणाप्रमाणे खेड्यात माणशी महिन्याला सरासरी 4,122 रुपये खर्च होतो आणि त्यातले 47 टक्के खाण्यापिण्यावर जातात. शहरात हा खर्च 6,996 रुपये आणि खाण्याचा वाटा जवळपास 40 टक्के आहे. पण खरी गंमत पुढे आहे. खेड्यातल्या एकूण खर्चात धान्याचा वाटा 5 टक्क्यांच्या आसपास, तर पेये आणि तयार खाद्यपदार्थांचा वाटा जवळजवळ 10 टक्के! ज्वारी-गव्हाच्या दुप्पट पैसा आपण बिस्किटे, फरसाण, शीतपेये आणि पुड्यांवर घालवतो. तेव्हा कात्री लावायचीच तर ती तिथे लावावी.

या पुड्यांचे गणित एकदा मांडून पाहा. समजा, चहाची 10 रुपयांची पुडी 30 ग्रॅमची आहे आणि अर्धा किलोचा पुडा 130 रुपयांना आहे. पुडीचा भाव किलोला 333 रुपये पडला, पुड्याचा 260. महिन्याला अर्धा किलो चहा लागत असेल तर फरक साधारण 37 रुपयांचा. रोज मजुरी मिळते त्या घराला पुडीच परवडते, हे मला माहीत आहे. त्यावर तोड आहे, तिच्याकडे मी येणारच आहे. तोवर एवढे करा: पाकिटावरची एकूण किंमत पाहता, तशी त्याच्याजवळ छापलेली दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमतही पाहा. 2021 साली वजनमापांच्या नियमांत दुरुस्ती होऊन ही किंमत छापणे बंधनकारक झाले आहे. भाव तोच ठेवून पाकिटातला माल कमी केला, तर ती चलाखी इथे उघडी पडते.

तेलाचेही तसेच. एक लिटर खाद्यतेलाचे वजन साधारण 910 ग्रॅम भरते. लिटरची पिशवी 150 रुपयांना मिळाली तर किलोला जवळपास 165 रुपये पडले. डबा घेताना तर आधी विचारा, 15 किलोचा आहे की 15 लिटरचा? दिसायला दोन्ही डबे सारखेच, पण 15 लिटरच्या डब्यात तेल साडेतेरा किलोच्या थोडे वर असते. म्हणजे जवळजवळ दीड लिटरचा फरक. आणखी एक: 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या छापील वेष्टनातल्या धान्य, डाळी आणि पिठांवर 5 टक्के जीएसटी लागला. सुट्या धान्याला तो नाही. गहू निवडून गिरणीत दळून आणण्याचा आपला जुना रिवाज अजून तरी स्वस्तच आहे.

आता दुसरी गोष्ट, वेळेची. आपल्या आज्या-आया वर्षाचे धान्य भरत. त्यामागे साधा हिशेब होता. माल शेतातून निघतो तेव्हा भाव उतरलेला असतो, पुढे साठवणुकीचा खर्च त्यावर चढत जातो. तांदूळ दिवाळीनंतर येतो, तूर संक्रांतीच्या मागेपुढे. शाळू ज्वारी आणि हरभरा शिमग्याच्या सुमाराला, गहू मार्च-एप्रिलला, मिरची उन्हाच्या तोंडाला. कांद्याचे तर खास लक्षात ठेवा. लाल कांदा टिकत नाही, तो आणावा आणि खावा. एप्रिल-मेमध्ये निघणारा गावरान कांदा वाळवून हवेशीर जागी पसरून ठेवला तर चार-पाच महिने राहतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात जुना कांदा संपत येतो, नवा पावसाने लांबतो आणि भाव कडाडतो. तेव्हा ज्या घरी खाटेखाली दहा-पंधरा किलो कांदा असतो, त्या घरी बातम्या शांतपणे ऐकता येतात.

साठवणीचे नियम आपल्या घरातच आहेत. धान्य कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा. दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. गार झाल्यावरच कोठीत भरा, गरम भरले तर आत पाणी सुटते. कोठीच्या तळाशी आणि मधल्या थरांत सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घाला. डाळीला एरंडेल तेलाचा हात लावा. बाजारात मिळणाऱ्या विषारी गोळ्या मात्र राहत्या घरात धान्यात टाकू नका. त्यांतून निघणारा वायू जीव घेतो.

तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळे खरे, पण वर्षाच्या धान्याचे पैसे एकदम आणायचे कुठून? हीच खरी अडचण आहे. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला स्वस्त मिळते आणि ज्याच्याकडे नाही त्याला तीच वस्तू महाग पडते. एकट्याने याला उत्तर नाही. चारचौघींनी मिळून मात्र आहे.

मुंबईत 1975 साली ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारच्या काही कुटुंबांचा एक संघ, प्रत्येकाने महिन्याची यादी द्यायची, सगळ्यांची खरेदी एकत्र घाऊक भावात व्हायची, माल संघातल्या एका घरी उतरायचा आणि सभासदांनीच तो वाटून घ्यायचा. ही पद्धत मध्यमवर्गीय मुंबईकरांनी वर्षानुवर्षे चालवून दाखवली. मग आपण का नाही? 1950 साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो याच जिल्ह्यात. ऊस विकायला, दूध घालायला एकत्र यायचे हे आपल्याला ठाऊक आहे. किराणा आणायला मात्र आपण एकेकटी पिशवी घेऊन निघतो.

आमच्या गटात बारा घरे आहेत. आम्ही सुरुवात फक्त चार वस्तूंनी केली: तूरडाळ, हरभराडाळ, शेंगदाणे आणि साखर. दर महिन्याच्या बैठकीत बचतीबरोबर याद्या गोळा होतात. दोघी जणी डाळमंडईत जातात, तीन दुकानांत भाव विचारतात आणि नमुना रुमालात बांधून आणतात. पोत्याचा भाव, हमाली, टेम्पोचे भाडे सगळे मिळवून किलोचा दर काढतो. पावती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची आणि वजन सगळ्यांसमोर करायचे, हे दोन नियम मोडायचे नाहीत. ज्या घरी हातात पैसे नसतात, त्या घराला गटाच्या बचतीतून उचल मिळते. ती चार हप्त्यांत फिटते. मघाशी पुडीवरच्या तोडीबद्दल म्हणाले ती हीच. गटाच्या पुड्यातून अर्धा पाव चहा घेतला तरी भाव पुड्याचाच लागतो.

भांडणे होतात का? होतात. कुणाला डाळ बारीक हवी, कुणाला जाड. एकदा एका दुकानातून वरचा नमुना चांगला आणि पोत्यात तळाला खडे असा माल आला. तेव्हापासून पोते दुकानातच मधोमध हात घालून पाहायचे ठरले. उधारी दोन महिन्यांपेक्षा पुढे जाऊ द्यायची नाही, हेही ठरले. तेवढे पाळले की गट टिकतो.

या सगळ्यात एक माणूस विसरायचा नाही, तो म्हणजे पिकवणारा. आपल्या जिल्ह्यात अनेक घरांत एक भाऊ कांदा पिकवतो आणि दुसरा नगरला राहून तोच विकत घेतो. 2023 च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांदा विकून सगळा खर्च वजा जाता एका शेतकऱ्याच्या हाती 2 रुपयांचा धनादेश पडला होता. असली स्वस्ताई आपल्याला नको. रिझर्व्ह बँकेने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासानुसार ग्राहकाने कांद्याला दिलेल्या रुपयातले साधारण 36 पैसे शेतकऱ्याला मिळतात, टोमॅटोच्या रुपयातले 33 पैसे. उरलेल्या पैशांत वाहतूक आहे, नासाडी आहे, आडत आहे, नफा आहे. बारा घरांनी मिळून ओळखीच्या शेतकऱ्याकडून मे महिन्यात दोन-तीन क्विंटल कांदा बांधावरून उचलला आणि त्याला बाजार समितीपेक्षा किलोमागे दोन रुपये जास्त दिले, तरी आपल्याला तो किरकोळ भावापेक्षा कमीतच पडतो. बचत या मधल्या जागेतून काढायची असते.

काही बचत तर दारातच आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली ती गावरान बियाणे जपल्याबद्दल. वालाचा एक वेल, एक शेवगा, सांडपाण्यावर अळू आणि चार वाफे मेथी-पालक, एवढ्यावर आठवड्यातल्या दोन-तीन भाज्या सुटतात. तूरडाळ चढली की हुलगे आणि मटकीकडे वळा. हुलग्याच्या शेंगोळ्या आपल्याकडे पाहुण्यालाही कमीपणाच्या वाटत नाहीत. आणि रेशनचे धान्य हक्काचे आहे, ते सोडू नका. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो असे ते ठरलेले आहे. घेताना पावती मागा आणि पावतीवरचे वजन मोजून पाहा.

काटकसरीने सगळी महागाई आवरते, असे मात्र मी म्हणणार नाही. 1972 च्या दुष्काळात मुंबईच्या बायकांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती काढली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्या बायकांना घरचा हिशेब कळत होता, म्हणूनच त्या सरकारला हिशेब विचारू शकल्या.

तेव्हा मैत्रिणींनो, या महिन्यापासून तीन कामे करा. एका वहीत घरात काय किती लागते ते लिहायला लागा. शेजारच्या पाच घरांना विचारा, पुढच्या महिन्याची डाळ मिळून आणायची का? आणि तिसरे काम बाईने एकटीने करायचे नाही, घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनीही करायचे आहे. वाढताना आमटी सगळ्यांच्या वाटीत, बाईच्याही वाटीत, आधीच काढून ठेवायची. त्या वाटीला हात न लावता महिन्याअखेर जे शिल्लक राहील, ते वहीत बचत म्हणून लिहा.