लेबलवर नाव कुणाचं?

(यवतमाळ जिल्ह्यातल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांपुढे केलेलं भाषण)



आपल्या जिल्ह्यात कापूस निंदायचा, वेचायचा आपणच. यवतमाळला रेमंडचा डेनिमचा कारखाना आहे, म्हणजे जीन्सचं कापडही इथंच तयार होतं. पण कपड्याचा खरा भाव येतो तो त्यावरच्या नावाला.

अमेरिकेतल्या व्हर्जिल अब्लोहचं उदाहरण घ्या. आईवडील घानाहून आलेले. शिवण त्याला आईनं शिकवली. शिकला इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर. २०१२ मध्ये त्यानं तयार शर्ट विकत घेऊन त्यांवर आपली अक्षरं छापली आणि कितीतरी पट किमतीला विकले. पुढच्या वर्षी ‘ऑफ-व्हाइट’ हा स्वतःचा ब्रँड काढला. रस्त्यावरच्या पोरांचे कपडे घेऊन तो २०१८ मध्ये पॅरिसच्या लुई व्हिताँपर्यंत पोचला. २०२१ मध्ये तो वारला.

शिवण आईची, नाव मात्र मुलाचं झालं. आपल्याकडे तरी वेगळं काय? बाई शिवते ते घरकाम, पुरुष शिवतो तो धंदा!

म्हणून किंमत ठरवताना कापड, धागा, वीज यांच्याबरोबर आपल्या तासांची मजुरीही धरा. आणि नाव नोंदवा. ट्रेडमार्कचा अर्ज ऑनलाइन करता येतो. एकटीनं केला तर एका वर्गाला ४,५०० रुपये लागतात. नोंदणी १० वर्षं टिकते, पुढे वाढवता येते.

मात्र अर्जदार म्हणून नाव आपलंच हवं. नवऱ्याच्या, दिराच्या नावानं अर्ज गेला, तर हात आपले आणि मालकी त्यांची. सातबाऱ्यावर हेच झालं. लेबलवर ते होऊ द्यायचं नाही.