दात गेला तरी हाड जपू या
(सभासद व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दात पडला की आपण म्हणतो, "चला, कटकट गेली." वणीपासून पुसदपर्यंत कोणत्याही गावी हेच ऐकू येते. परंतु दातासोबत आणखी एक गोष्ट हळूहळू जात असते, ती म्हणजे जबड्याचे हाड. त्याविषयीच आज आम्ही बोलणार आहोत.

दाताचे मूळ ज्या हाडात बसलेले असते, ते हाड दातासाठीच असते. चावण्याचा दाब मिळत राहिला तरच ते टिकते. दात काढल्यावर तो दाब थांबतो आणि हाड झिजू लागते. पहिल्या वर्षभरात त्या जागेच्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्म्याने कमी होऊ शकते आणि त्यातील बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. म्हाताऱ्या माणसाचे गाल आत जातात, कवळी सैल होते, त्याचे एक मोठे कारण हेच होय.

स्वीडनचे संशोधक ब्रानेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडावर प्रयोग करताना आढळले की, टायटॅनियम धातू हाडाशी एकजीव होतो. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे धातूचे मूळ बसविले. यालाच आपण इम्प्लांट म्हणतो. पण शेतकऱ्याला सांगायला नको की, भुसभुशीत जमिनीत खुंटा रोवला तर बैलाच्या पहिल्याच हिसक्याला तो उपटून येतो. इम्प्लांटचेही तसेच आहे. हाड अरुंद असेल, खालच्या जबड्यातील नस जवळ असेल किंवा वरच्या दाढांवरील सायनसची पोकळी खाली आली असेल, तर आधी हाड वाढवावे लागते. त्यास अस्थिरोपण किंवा बोन ग्राफ्टिंग म्हणतात.

हे हाड कोठून आणतात? पहिला मार्ग स्वतःच्याच शरीरातून; हनुवटी, अक्कलदाढेमागची जागा किंवा जास्त लागल्यास कमरेचे हाड. दुसरा, दुसऱ्या माणसाने दिलेले व प्रक्रिया केलेले हाड. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ साली ऊतीपेढी सुरू झाली. तेथे दान मिळालेले हाड वाळवून, गामा किरणांनी निर्जंतुक करून वापरासाठी दिले जाते. तिसरा, गाय-बैलासारख्या जनावराच्या हाडापासून केलेली भुकटी. चौथा, कारखान्यात तयार झालेले कॅल्शियम फॉस्फेटचे कण. भिंत बांधताना परांची उभारतात, तसे हे कण परांचीचे काम करतात. खरे हाड आपले शरीरच त्यावर बांधते. म्हणून घाई चालत नाही. दात काढताच खळगा भरला, तर साधारण तीन-चार महिने, आणि मोठा तुकडा बसविला तर चार ते सहा महिने थांबावे लागते.

आता आपल्या जिल्ह्याच्या दुखण्याकडे येऊ. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. तरी पन्नीत घोटलेला खर्रा आजही हाताशी आहे. तंबाखूमुळे हिरड्या व हाड खराब होते, लावलेले हाड धरण्याची शक्यता कमी होते. सुपारीमुळे तोंडाच्या आतील त्वचा ताठ होऊन तोंड उघडेनासे होते. विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का ते पाहा. जात नसतील तर लाजू नका, डॉक्टरकडे जा. जेथे बोटे जात नाहीत, तेथे शस्त्रक्रियेची अवजारे कशी जाणार? शिवाय ताठ झालेल्या अशा तोंडात पुढे कर्करोगाचाही धोका असतो.

साखर काबूत नसेल तर जखम लवकर भरत नाही. हाडे ठिसूळ झाल्याची औषधे चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे, कारण त्यातील काही औषधांमुळे जबड्याचे हाड कुजण्याचा धोका असतो.

खर्चाचा प्रश्न आम्ही टाळणार नाही. हा उपचार महाग आहे आणि कर्ज काढून करावा असा तो मुळीच नाही. कवळी किंवा ब्रिजनेही अनेकांचे काम उत्तम चालते. तरी करायचाच असेल तर नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय किंवा वर्ध्याजवळ सावंगीचे दंत महाविद्यालय येथे आधी चौकशी करावी. आणि कोठेही गेलात तरी चार प्रश्न विचारा : मला हाड लावण्याची खरोखर गरज आहे काय? ते कशाचे आहे? किती महिने थांबावे लागेल? नाही धरले तर पुढे काय? जनावराचे हाड कोणाला नको असेल, तर तसे आधीच सांगण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. उत्तर मिळाल्याशिवाय कागदावर सही करू नका.

सगळ्यात स्वस्त हाड मात्र आपल्याजवळच आहे. वाचण्यासारखा दात काढून टाकू नका. काढावाच लागला, तर त्याच दिवशी पुढचा विचार डॉक्टरांशी करा, वर्षानंतर नव्हे. रात्री झोपण्यापूर्वी दात घासा. आणि खर्रा सोडा. बापाने सोडला तर पोरगा शिकणार नाही.